जुन्या डोळ्याचं पांढरं

पिशवीतून नमुन्याचा तुकडा काढून तिनं कापडवालीच्या टेबलावर ठेवला आणि ‘अगदी ह्याच्यासारखं पांढरं दे’ असं म्हणायला तोंड उघडलं, तर तुकडा पिवळा होता. पिवळसर वगैरे नाही, चांगला पिवळा. घाईघाईत भलताच उचलला असणार, असं मनाशी म्हणून तिनं पुन्हा पिशवीत हात घातला. दुसरा तुकडा पांढरा निघाला, पण कसा, तर कपड्यांना नीळ जास्त झाली की दिसतो तसा. तिसरा सायीच्या रंगाचा. चौथा पुन्हा पिवळा, पहिल्याच्याही वरताण. हे तुकडे तिनं स्वतःच्या हातानं एका पुरचुंडीत बांधले होते, ऑपरेशनच्या आधी, खिडकीशी बसून, एकेक उजेडात धरून. बांधताना मनात म्हटलंही होतं, वा, काय जमलंय सगळं एका रंगात. आता ते टेबलावर शेजारी शेजारी पडले होते आणि एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.

काळा चष्मा तिनं दुकानात शिरताना कपाळावर चढवला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाहेर चष्मा, खाली वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, थेंब चुकवायचे नाहीत. जाता जाता हेही सांगितलं होतं की भिंग नवीन आहे, रंग थोडे झगझगीत दिसतील, घाबरून जाऊ नका. ती घाबरली नव्हती. घरी पडदे ओढलेले असायचे. त्या अर्धवट उजेडात दुधाचं पातेलं, न्हाणीघरातल्या फरश्या, बाहेर वाळत घातलेला टॉवेल असं काही काही पांढरंफेक दिसलं, तेव्हा तिला गंमतच वाटली होती. पण ज्या गोधडीतले हे तुकडे होते ती तिनं पाहिली नव्हती. शिवणाचं सामान नवऱ्यानं ऑपरेशनच्या दिवशीच कपाटावर चढवलं होतं, आणि मशीनवर झाकण घालून त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग रचला होता, म्हणजे तिला मोह नको. ह्या डोळ्यानं आपण आपलं एकही शिवण अजून बघितलेलं नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

तिनं उजवा डोळा मिटला. डाव्या, जुन्या डोळ्यापुढे तुकडे आधी चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे दिसले, मग हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकले, आणि थोड्या वेळानं चक्क पांढरे झाले. डावा मिटून उजवा उघडला, तर पुन्हा चौघांची चार दिशांना तोंडं. हे तिनं किती वेळा केलं कोण जाणे. कापडवाली मीटरची पट्टी हातात धरून तिच्याकडे बघत राहिली होती.

“काकू, डोळ्यात काही गेलं का?”

“गेलं नाही, काढलंय. मोतीबिंदू.”

“मग आता बरंय की. सगळं स्वच्छ दिसत असेल.”

“हे मी तुझ्याकडूनच नेलं होतं ना?” तिनं पिवळा तुकडा पुढे सरकवला.

“हो तर. पॉपलीन आहे. ह्याचा तागा तुम्ही एकट्यांनीच संपवलात.”

“काय म्हणून मागितलं होतं मी?”

कापडवालीनं तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलं. तिथे स्टुलावर नवरा बसला होता.

“पांढरं म्हणून,” ती म्हणाली. “तुम्ही इतक्या ठामपणे सांगायच्या, हेच पांढरं, की मलाच वाटायचं माझ्या ट्यूबलाइटमध्ये खोट आहे. एकदा बोलणार होते मी. पण काका मागून मान हलवायचे.”

“कशी हलवायचे?”

“अशी.” कापडवालीनं मान हलवून दाखवली. बोलू नका, बोलू नका, अशी.

ती वळली. दारातून आत येणाऱ्या उन्हात नवरा मांडीवर रिकामी पिशवी घेऊन, कुठल्याही कापडाच्या दुकानात कुठलाही नवरा बसतो तसा, छताच्या पंख्याकडे बघत बसला होता. त्यानं आपला तपकिरी शर्ट घातला होता. हे कापडही तिनं इथूनच घेतलं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी. मातीसारखा शांत रंग आहे, तुमच्या वयाला शोभेल, असं म्हणून हौसेनं शिंप्याकडे टाकलं होतं, आणि त्याच्या उरलेल्या चिंध्या दोन-तीन गोधड्यांत बसवल्या होत्या. तो शर्ट जांभळा होता. भर रस्त्यात रहदारी थांबवेल असा जांभळा. हा शर्ट घालून हा माणूस कचेरीत गेला होता, पाहुण्यांकडे गेला होता, लेकीच्या साखरपुड्यात पहिल्या रांगेत बसला होता. नवरा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होता, आणि कचेरीत आपल्याला ‘वांगेसाहेब’ म्हणतात असं त्यानं एकदा घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. बांध्यावरून म्हणत असतील, असं धरून ती त्या लोकांवर मनस्वी चिडली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याचं रात्रीचं जेवण तिनं निम्म्यावर आणलं होतं. तेही त्यानं निमूट सोसलं. ह्या आठवणीनं तिला हसू फुटलं आणि लगेच थांबलं, कारण हसावं की इथेच ह्या ताग्यांच्या ढिगाऱ्यावर डोकं ठेवून रडावं हे तिला कळेना. रडायलाही डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे की नाही, ते विचारायचं राहिलं होतं.

सगळं आयुष्य तिनं डोळ्यांच्या जोरावर काढलं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासायची तिची नोकरी. ओळीवरून पट्टी खाली सरकवत, डोळ्यांत तेल घालून, लोकांच्या चुका शोधायच्या. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही असा छापखान्यात लौकिक होता. नवी पोरं मुद्रित हातात देताना बिचकायची, मालक तर गमतीनं म्हणायचे, बाईंसमोर मी स्वतःचं नावही जपून सांगतो. त्या नजरेचा तिला अभिमान होता, आणि जरा जास्तच होता. पुढे अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा तिनं शाईला दोष दिला, कागदाला दिला, दिव्यांना दिला, आणि शेवटी वेळेआधी नोकरी सोडून घरी बसली. गोधड्या तिनं तेव्हापासून मनावर घेतल्या. अक्षरांसारखे तुकडे पुसट होत नाहीत, ते हाताला लागतात. नवं कापड आणलं की आधी धुऊन खळ काढायची, सावलीत वाळवायचं, इस्त्री फिरवायची, मग चौकोन कापायचे, मग जमिनीवर मांडून दिवसचे दिवस नुसते इकडचे तिकडे करत राहायचं. घरातून चालायला वाट उरायची नाही. नवरा पायांच्या चवड्यांवर, तुकडे चुकवत चुकवत, न्हाणीघराकडे जायचा. मांडणी मनासारखी झाली की ती त्याला बोलवायची आणि तो दारात उभा राहून, नीट वेळ घेऊन बघून, म्हणायचा, छान. आता ते सगळे ‘छान’ तिच्या कानात एकापाठोपाठ एक वाजायला लागले. नणंदेला दिलेली गोधडी, शेजारणीच्या नातवाला दिलेली, छापखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला तिच्या आजारपणात दिलेली, घरोघरच्या पलंगांवरून त्या उठून आल्या आणि दुकानाच्या दारात रांग लावून उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या एकीचाही खरा रंग तिला ठाऊक नव्हता.

आणि लेकीची. लेकीची गोधडी वरच्या बाजूनं शिवून तयार होती. फक्त काठाची पट्टी आणि अस्तर राहिलं होतं, त्यासाठीच आज ती डोळ्याचं पथ्य मोडून इथे आली होती. लेक संसार मोडून निघाली होती. भांडण, आरडाओरडा काही न करता, एक दिवस दोन बॅगा घेऊन मैत्रिणीकडे गेली, आणि आता तिनं स्वतःपुरत्या दोन खोल्या घेतल्या होत्या. रंगानं भरलेल्या हातांनी ती मागे एकदा आली होती, पलंगाच्या कडेवर टेकली होती, आणि म्हणाली होती, “आई, मी भिंती पांढऱ्या केल्या. पडदे पांढरे घेतले. तू मला एक गोधडी शिव. पांढरी. त्यात कुणाचाही रंग नको. मला सकाळी उठल्यावर काहीच दिसायला नको, नुसतं पांढरं.” एवढं एकच मागितलं होतं पोरीनं. लहानपणापासून न मागणारी मुलगी, तिनं मागितलं तेही इतकं साधं, आणि आईनं ते घेऊन त्यात पिवळ्याचे, निळ्याचे, सायीचे तुकडे जोडून ठेवले. तिला तो दिवस पुन्हा दिसायला लागला. पलंगाच्या कडेला लेक, तिच्यावर खिडकीतलं ऊन. तिनं लेकीच्या हनुवटीला हात लावून म्हटलं होतं, “रंग उजळलाय गं तुझा. तब्येत सुधारली.” लेक क्षणभर तिच्याकडे बघत राहिली होती आणि मग म्हणाली होती, “हो आई, हल्ली उन्हात चालते ना.” त्याच्या आधीही, त्या वाईट वर्षांत, लेक सणासुदीला, सुट्टीला यायची तेव्हा दरवेळी तिला ती तजेलदार दिसायची. सोनेरी दिसायची. सगळीच माणसं गेली कित्येक वर्षं तिला अशी उबदार, खात्यापित्या घरची दिसत होती. पांढरं काय असतं हे ज्या डोळ्याला कळत नाही त्याला पांढरा पडलेला चेहरा कसा कळणार, हा विचार मनात आला आणि तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

नवरा उठून शेजारी आला होता. तिला घेरी येतेय असं त्याला वाटलं असावं.

“चल, बस जरा. पाणी घे.”

“तुम्हाला दिसत होतं.”

त्यानं टेबलावरचे तुकडे बघितले. कशाबद्दल, असं विचारण्याचं नाटक त्यानं केलं नाही. “हो,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो होतो एकदा. तो निळा जरा भडक आहे म्हणालो होतो.”

तिला आठवलं. नणंदेच्या गोधडीतला निळा. तिला तो धुरकट, सौम्य दिसत होता आणि हा मेला म्हणत होता भडक. तिनं काही न बोलता मशीनवर झाकण घातलं होतं, आणि ती अख्खी थंडी ते काढलं नव्हतं.

“घरात मशीनचा आवाज नव्हता तेव्हा,” नवरा म्हणाला. “मला दुपारची झोप यायची नाही. तू खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसायचीस. मी ठरवलं, हिनं काळ्याला पांढरं म्हटलं तरी आपण तोंड उघडायचं नाही.”

“दुकानदाराच्या तराजूत केसाएवढा फरक निघाला तर तुम्ही त्याला रडवायचात. आणि घरात इतकी वर्षं ही लबाडी?”

“तराजूची मापं सरकारनं ठरवून दिलेली असतात. पांढऱ्याचं माप कुणी ठरवलंय?” मोठी वाक्यं बोलायची त्याला सवय नव्हती. “मला वाटलं, हिला दिसतं ते हिचं माप. मग मीही तेच वापरायला लागलो. तू पांढरं म्हणालीस की मला ते थोडं थोडं पांढरं दिसायचंही. खरंच सांगतो.”

“आणि पोरगी? तिलाही शिकवून ठेवलं असेल.”

“फोनवर सांगितलं होतं. आईला रंग कळत नाहीत हल्ली, गोधडी तू म्हणालीस तशी होत नाहीये, बोलू नकोस. तर ती म्हणाली, बाबा, आईला जे पांढरं दिसतं तेच येऊ द्या. ते तरी मला कधी बघायला मिळणार.”

“म्हणजे दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत.”

“हो,” तो म्हणाला.

कापडवाली तागे नीट लावण्याच्या निमित्तानं मागे वळली होती, पण तिचे कान इकडेच होते आणि ते तिघांनाही माहीत होतं. ती मात्र दोन्ही डोळ्यांनी, जुन्या आणि नव्या, नवऱ्याकडे बघत होती. मग तिनं ते विचारलं, जे विचारायची तिला भीती वाटत होती.

“तेव्हा, त्या घरी असताना ती यायची, तेव्हा तिचा रंग कसा होता हो?”

नवऱ्यानं मान खाली घातली. “उतरलेला,” तो म्हणाला. “तू म्हणायचीस छान दिसतेय, आणि मी मूग गिळून बसायचो. सवयीनं. कापडाच्या वेळी गप्प बसलो त्याचं मला काही वाटत नाही. तेव्हा मात्र बोलायला हवं होतं.”

तिला त्याचा राग आला. खरा, तिखट राग, आणि तो येताच त्याच्यापाठोपाठ त्याची कीवही आली, कारण आपल्या घरात लेकीचा चेहरा धड बघू शकणारा तो एकटाच होता आणि ते ओझं त्यानं एकट्यानं वागवलं होतं. आपण सुखात होतो. आपल्या डोळ्यावर सायीचा पडदा होता आणि त्याच्यामागे सगळं आलबेल होतं. त्याला तसा पडदा नव्हता. तिनं पुढे होऊन त्याच्या शर्टाची कॉलर, उगाचच, नीट केली. कापड धुऊन धुऊन मऊ झालं होतं.

आता काय करायचं? उसवता येईल. धावदोरा आहे, सरळ निघेल. नवं खरं पांढरं घ्यायचं, आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की दोन्ही चांगल्या डोळ्यांनी पुन्हा शिवायचं. पोरगी थांबेल. ती काही म्हणणार नाही, ती कधीच काही म्हणत नाही. हा विचार पुरता होईतो दुसरा आला, की डावा डोळा झाला की हे संपलं. ज्या डोळ्यानं ती गोधडी पांढरी होती तो डोळाच मग राहणार नाही. नव्या दोन डोळ्यांना ती म्हणजे कुणा आंधळ्या बाईनं हाताला येतील ते तुकडे जोडल्यासारखी दिसेल, आणि ती बाई कोण होती हे त्यांना सांगणारं कुणी नसेल. आणि त्या बाईनं तर जीव ओतून, एकेक तुकडा उजेडात धरून, पोरीला हवं तेच शिवलं होतं. तिला त्या बाईची माया वाटली. ती अजून शिल्लक होती, थोडे दिवस, डाव्या बाजूला.

“काठाची पट्टी दाखव,” ती कापडवालीला म्हणाली. “पांढऱ्यातलं असेल नसेल ते सगळं काढ. पिवळ्याकडे झुकणारंही काढ.” आणि तिनं उजव्या डोळ्यावर तळहात दाबला.

“अगं, दाबू नकोस!” नवरा ओरडलाच. “डोळा आहे तो! सांगितलंय ना त्यांनी!”

“मग तुम्ही धरा.”

तो तिच्या मागे उभा राहिला आणि त्यानं आपला पंजा तिच्या उजव्या डोळ्यापुढे धरला, कुठेही न टेकवता, भुवईच्या केसांना जेमतेम लागेल इतका लांब. वजनं तपासणाऱ्याचा हात, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायची सवय असलेला. त्याच्या हाताला मघाशी दाराच्या कडीला धरल्याचा लोखंडाचा वास होता. ती थांबली. डाव्या डोळ्याला घाई करून चालत नाही, त्याला सावकाश जम बसवू द्यावा लागतो. दुकान आधी मळकट झालं, मग उबदार झालं, मग नेहमीसारखं झालं. टेबलावर कापडवालीनं अंथरलेले सगळे पदर एक एक करून निवत गेले. तिनं प्रत्येकाखाली नमुने धरले, बोटांनी सूत चोळून पाहिलं, खळ किती आहे ते पाहिलं, एक पातळ म्हणून मागे सारला, एक जाड म्हणून सारला. एक तुकडा ठेवला तो नमुन्यांमध्ये असा मिसळला की कड शोधावी लागली.

“हे,” ती म्हणाली. “हे पांढरं.”

कापडवालीनं काकांकडे पाहिलं. काकांनी ह्या वेळी मान हलवली नाही.

“पिवळं आहे, काकू,” कापडवाली हळूच म्हणाली.

“माहीत आहे गं. काप.”

कात्री कापडातून सरसरत गेली. तो आवाज तिला इतका आवडायचा की नुसत्या त्याच्यासाठी ती कधी कधी गरज नसताना कापड घ्यायची. मग तिनं नवऱ्याचा हात खाली केला, डावा डोळा मिटला, आणि अस्तरासाठी पांढरं मागितलं. “आता खरंखुरं. तू ज्याला पांढरं म्हणतेस ते.” कापडवालीला चेव आला. तिनं शिडी लावून वरचे तागे काढले. ती एकेक तागा उचलून दारात उन्हात नेत होती, नवरा मागून त्याचं दुसरं टोक धरून चालत होता, आणि रस्त्यावरची माणसं त्या दोघांना वळसा घालून जात होती. नव्या डोळ्याला पांढऱ्यातले भेद इतके दिसत होते की तिला जरा गरगरलं. शेवटी एक सापडलं, ज्याच्यात नीळ नव्हती, साय नव्हती, कुणाचाही रंग नव्हता. रिकामं होतं ते. सकाळी उठल्यावर त्याच्यात काहीच दिसलं नसतं. हे लेकीचं. लेकीनं मागितलेलं एका बाजूला आणि आईनं बघितलेलं दुसऱ्या बाजूला, मधे भराव, आणि वरून दोन्ही थर एकत्र धरणारा एकच दोरा. ज्या दिवशी जी बाजू हवी ती वर घे म्हणावं. आणि ती न्यायला आली की आधी तिला खिडकीत उभी करायची. ‘रंग उजळलाय’ म्हणायचं नाही. काहीच म्हणायचं नाही, उजवा डोळा उघडा ठेवून नीट, चूक शोधतो तशी ओळीवर पट्टी ठेवून, पोरीचा चेहरा वाचायचा. जे दिसेल ते दिसेल. त्याची तिला भीती वाटत होती, आणि तरी ती कधी येतेय असं झालं होतं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. नवऱ्यानं दोन्ही पुडकी पिशवीत घातली आणि तिच्या कपाळावरचा काळा चष्मा खाली ओढायला हात पुढे केला. तिनं तो मधेच धरला.

“थांबा. जरा उभे राहा इथे.”

तिनं डावा डोळा मिटला. समोर पांढऱ्या केसांचा, डोळ्यांखाली निळसर सावली असलेला, गालाच्या हाडांवरची कातडी सैल झालेला एक म्हातारा माणूस भडक जांभळा शर्ट घालून उभा होता. हा कधी इतका थकला, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं उजवा मिटला. थोडा वेळ जाऊ दिला. तो परत आला, गव्हाळ, धडधाकट, मातीच्या रंगाचा शर्ट घातलेला तिचा नवरा. मग तिनं दोन्ही उघडले आणि दोघांनाही एकदमच बघितलं, आणि रडायची परवानगी विचारायची राहिली असली तरी तिचे डोळे भरून आले.

“काय झालं? दुखतोय का?”

“नाही. हा शर्ट उद्यापासून घालायचा नाही.”

नवऱ्यानं खाली वाकून शर्टाकडे बघितलं, पुढचा भाग हातानं सपाट केला, नीट वेळ घेतला.

“का?” तो म्हणाला. “चांगला तपकिरी तर आहे.”